एका बिजागरीवरचं घर

मानवजातीच्या इतिहासात त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता एक नवं युग सुरू झालं. विस्मृतीच्या अंधारावर विज्ञानाने मिळवलेला तो पहिला निर्णायक विजय होता. निदान संस्थेच्या पत्रकात तरी ठळक अक्षरांत तसं छापलेलं होतं. प्रत्यक्षात युग पाऊण तास उशिरा सुरू झालं, कारण युगाची किल्ली वॉचमनच्या खिशात होती आणि वॉचमन मिसळ खायला गेला होता.

तोवर श्रीरंग कारखानीस बंद दारासमोर एका उपड्या बादलीवर बसून होते. दार त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. आता त्यावर ‘स्मरणगृह’ अशी पाटी असली, तरी त्याआधी आत दीपमाला स्टुडिओचा शूटिंग फ्लोअर नंबर दोन होता, आणि या फ्लोअरवर कारखानीसांनी हयातीत तीन राजवाडे, एक हायकोर्ट, अर्धं स्वित्झर्लंड आणि दोनदा स्वर्ग उभा केला होता. दुसऱ्या वेळचा स्वर्ग जरा आटोपशीर होता, निर्मात्याचा आधीचा सिनेमा पडला होता. पुढे सेट कॉम्प्युटर करू लागला. त्याला नुसतं ‘राजवाडा दे’ म्हटलं की अर्ध्या मिनिटात राजवाडा मिळायचा, शिवाय तो सुतारांसारखा मधेच चहा मागत नसे. कारखानीसांना शाल आणि श्रीफळ मिळालं. ज्याला इंडस्ट्रीत ‘दादा’ म्हणायचे, तो माणूस जोगेश्वरीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या पारखू लागला.

त्यांना पुन्हा बोलावलं ते डॉक्टर निवेदिता भडकमकरांनी. सिनेमाला नकोसा झालेला माणूस मेंदूच्या डॉक्टरांना का हवासा झाला, हे त्यांनी त्या सोमवारी पत्रकारांना सांगितलं ते असं.

आपल्या मेंदूत, कानांच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक भाग असतो. तिथल्या काही पेशींचं काम एकच: आपण कुठे आहोत ते ओळखणं. त्यांना ठिकाणपेशी म्हणू. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की ठरावीक मंडळी हात वर करतात आणि पाण्याचा निघाला की दुसरी. तसंच स्वयंपाकघरात गेलं की पेशींचा एक संच जागा होतो, गॅलरीत गेलं की दुसरा. प्रत्येक जागेचा संच वेगळा. खुंटीला छत्री अडकवावी तशा आपल्या आठवणी या संचांना अडकवलेल्या असतात. विसरण्याच्या आजारात नवी खुंटी ठोकता येत नाही. माणूस हॉस्पिटलात असतो, पण त्याच्या मेंदूच्या मते तो कुठेच नसतो. आणि जो कुठेच नाही तो बोलणार काय आणि जेवणार काय? जुन्या खुंट्या मात्र पुष्कळ काळ शाबूत राहतात. तिथवर जायची वाट तेवढी बुजलेली असते.

मग ती जुनी खोलीच पुन्हा बांधली तर? डोळ्यांवर चष्मा चढवून खोटी खोली दाखवून पाहिली होती, मेंदू फसला नाही. त्याला पायाखाली फरशी लागते, हाताला कडी लागते, नाकाला फोडणी लागते. तेव्हा खोली खरीखुरी बांधायची, रोग्याला आत बसवायचं आणि डोक्यावर एक हलकी टोपी घालायची. पेशींच्या विजेची चुंबकीय सळसळ ही टोपी टिपते. अनोळखी जागेत संच डळमळत उमटतो, ओळखीच्या जागेत ठाम. तो ठामपणा बाहेरच्या पडद्यावरचा काटा दाखवतो. काटा हिरव्या पट्ट्यात गेला की मेंदू घरी पोचला. खुंटी सापडली की छत्रीही सापडते: बोलणं परत येतं, भूक परत येते.

पहिले रोगी होते एक निवृत्त न्यायाधीश, दीड वर्ष मुके. कारखानीसांनी त्यांची नागपूरची हॉस्टेलची खोली उभारली आणि सवयीने तिला तीनच भिंती घातल्या.

“काका, चौथी भिंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“मग कॅमेरा कुठून घेणार?”

“कॅमेरा नाहीये, काका.”

आयुष्यात पहिल्यांदा चार भिंतींची खोली बांधताना कारखानीसांना कोंडल्यासारखं झालं. पण काटा हिरव्यात गेला आणि न्यायमूर्ती म्हणाले, “आज मेसला वांगं असेल, तर मी जेवत नाही.” पत्रकारांनी हे वाक्य ऐतिहासिक म्हणून छापलं.

पुढच्या दोन वर्षांत दादांनी लोकांच्या कितीतरी खोल्या परत आणल्या. त्यांचा हात लागला की काटा वर, अशी ख्याती झाली. आणि मग त्यांच्या बायकोची, हेमलताबाईंची पाळी आली.

हेमलताबाई आधी नावं विसरल्या, मग माणसं, मग चमचा तोंडापर्यंत कशाला न्यायचा ते. शेवटी बोलणं थांबलं. डॉक्टर म्हणाल्या, “काका, थांबण्यात अर्थ नाही. कोणतं घर बांधायचं?”

“जोगेश्वरीचं. लग्नानंतरच्या दोन खोल्या,” कारखानीस लगेच म्हणाले. “केतकी तिथेच मोठी झाली. माझं घर आहे, फोटोसुद्धा नकोत. डोळे मिटून बांधतो.”

घर त्यांनी खरोखरच डोळे मिटून बांधलं, हे लेक पुण्याहून आली तेव्हा कळलं. केतकी शाळेत भूगोल शिकवते. चुकीचा नकाशा तिला दुरून दिसतो. ती दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बाबा, हे कोणाचं घर आहे?”

“म्हणजे? आपलं.”

“आपल्या खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं?”

“नव्हतं?”

“शेजारच्या बिल्डिंगचे पाइप दिसायचे. सांडपाण्याचे. आणि स्वयंपाकघराची ही भिंत पिस्ता कधीपासून झाली? ही सोनेरी होती. तुझ्या कुठल्याशा दरबाराचा उरलेला रंग तू डब्यातून आणलास आणि अर्ध्या भिंतीला फासून उटीला गेलास. उरलेली अर्धी आईने स्टुलावर चढून रंगवली. आमच्याकडे वरणभात सोनेरी भिंतीला टेकून खायचे, म्हणून मैत्रिणी मला राजकन्या म्हणायच्या. कौतुकाने नाही.”

कारखानीसांनी पिस्ता भिंतीवरून बोट फिरवलं. राजवाड्यातली कुठली कमान किती इंच झुकली होती ते त्यांना अजून तोंडपाठ होतं.

केतकी फडताळापाशी गेली. भिंतीतल्या त्या कपाटाचं दार तिने उघडलं, मिटलं. दार टिक्क करून बसलं. ती हसू लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

“हे दार वरच्या बिजागरीतून निखळून लोंबायचं, बाबा. आई कागदाची घडी खुपसून ते बंद ठेवायची. तू प्रत्येक आउटडोअर शूटिंगला निघताना म्हणायचास...”

“आल्यावर बसवतो,” कारखानीस म्हणाले. हे मात्र त्यांना आठवत होतं.

“हे आपलं घर नाही. हे तुझ्या सिनेमातलं आपलं घर आहे.”

डॉक्टरांनी त्याच दिवशी गंमत म्हणून कारखानीसांच्या डोक्यावर टोपी चढवली. त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांचा काटा भाड्याने खोली बघायला आलेल्या माणसासारखा लटपटत राहिला. टोपी काढायला ते बाहेर आले, सेटला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, जिथे नुसत्या उघड्या फळ्या, बांबूचे टेकू आणि पडलेले खिळे असतात. आणि काटा ताडकन हिरव्यात गेला. डॉक्टर हसल्या. कारखानीसही हसले, पण त्यांना थांबायला थोडा वेळ लागला.

मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. बांधलेलं घर बिघडवायला घेतलं. लिंबाचं झाड काढून पाइप लावले. छताला ओल आणली, आणि ती बायकोच्या उशाशीच कशी यायची ते लेकीने सांगितल्यावर तिथेच आणली. गुळाचा डबा, चेपलेली किसणी, मोरीचा गळका नळ. सेट जुना दाखवायला चहाचं पाणी आणि काजळी लागते, ती त्यांच्या हातची विद्या होती. पण आजवर त्यांनी जुना केलेला एकही सेट त्यांच्याकडे असा बघत राहिला नव्हता. सगळ्यात शेवटी त्यांनी फडताळाच्या दाराचे वरचे स्क्रू काढले. दार कुरकुरत एका बिजागरीवर लोंबलं.

हेमलताबाईंना आत आणून बसवलं. कारखानीस त्यांच्या समोर, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. काटा वर चढू लागला. हिरव्या पट्ट्याच्या खाली बोटभर अंतरावर येऊन थांबला, आणि काही केल्या पुढे जाईना.

तासाभराने कारखानीस चहा घ्यायला बाहेर आले. सिस्टर लोबो पडद्यासमोर बसल्या होत्या. “दादा, बघा ना,” त्या म्हणाल्या. काटा हिरव्यात होता.

कारखानीस धावत आत गेले. काटा खाली आला.

डॉक्टरांनी घसा साफ केला. “योगायोग असेल. काका, जरा पुन्हा चहा घेऊन येता?”

ते आले. काटा वर. ते आत गेले. काटा खाली.

“काका, अजून एकदा जरा चहा...”

“चहा नको आता, डॉक्टर,” कारखानीस म्हणाले. “समजलं मला. या घरात मी नसायचो.”

डॉक्टर चष्मा पुसू लागल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

असं त्या घराचं शेवटचं सामान, म्हणजे घरमालक, बाहेर निघालं आणि सेट पुरा झाला. फळीपलीकडे उभ्या असलेल्या कारखानीसांना डबा उघडल्याचा आवाज आला. मग कित्येक महिन्यांत न ऐकलेला आवाज आला, जरा चिडलेला, अगदी घरातला:

“केतकी, गूळ कोणी संपवला गं?”

केतकी आत होती. ती पन्नाशीला टेकलेली बाई एका क्षणात आठ वर्षांची झाली आणि म्हणाली, “मी नाही.”

त्या दिवशी हेमलताबाई दोन पोळ्या जेवल्या. मग रोजच जेवू लागल्या. रोज सकाळी त्यांना घरी आणायचं आणि संध्याकाळी परत वॉर्डात न्यायचं, असा क्रम लागला. कारखानीस सेटच्या मागे एका खोक्यावर बसून असत. बायको गुणगुणते, भांडी लावते, दूधवाल्यावर खेकसते, हे सगळं ते प्लायवुडला कान लावून ऐकत. लग्नानंतर इतके दिवस सलग ते घराच्या इतके जवळ कधी राहिले नव्हते.

पण नुसतं ऐकणं किती दिवस पुरणार? कारखानीसांना युक्ती सुचली. आउटडोअरला असताना ते शेजारच्या पेडणेकरांकडे फोन करत आणि पेडणेकरकाकू हेमलताबाईंना हाक मारत. दाराबाहेर त्यांनी पेडणेकरांचा उंबरा आणि स्टुलावर काळा फोन उभा केला, आणि त्याला जोडलेला दुसरा फोन सेटमागे आपल्या खोक्यापाशी ठेवला. काकूंच्या भूमिकेसाठी सिस्टर लोबो तयार झाल्या.

“इतक्या गोड नको, सिस्टर,” कारखानीसांनी तालमीत सांगितलं. “जरा कंटाळून. काकू काही आमच्यावर खूश नव्हत्या.”

“कारखानीसवहिनी, फोन आलाय,” सिस्टर वसईच्या ठसक्यात कंटाळल्या. “तुमच्या ह्यांचा. माझी भाजी करपते आहे.”

आतून लगबगीने पावलं आली. काटा हलला नाही.

“अहो, कुठून बोलताय? जयपूर का?”

कारखानीसांनी फळ्यांकडे, टेकूंकडे पाहिलं. दोघांच्या मध्ये एक प्लायवुड होतं. “हो. जयपूरच.”

“जेवलात?”

“हो. हेमा, ऐक. मला तुला काही सांगायचंय.” रात्रंदिवस घोळवलेलं भाषण त्यांनी सुरू केलं. लोकांना महाल बांधून दिले, पण तुला एक धड खिडकी दिली नाही. केतकीच्या जन्माच्या वेळी उटीला होतो. तुझे बाबा गेले तेव्हा तार मिळाली होती, पण दरबाराचं प्लॅस्टर ओलं होतं म्हणून निघालो नाही. तुला सांगितलं, तार उशिरा मिळाली. घर तू केलंस, मी फक्त त्यात पाहुणा म्हणून उतरलो. मला क्षमा कर, हेमा. त्यांचा आवाज फुटला. पडद्यासमोर सिस्टर लोबोंनी रुमाल काढला.

पलीकडे बांगड्या वाजल्या.

“झालं?” हेमलताबाई हळूच म्हणाल्या. “जरा हळू वाचा, काकू ऐकतायत. चांगलं लिहिलंय. कोण म्हणणार आहे हे, हिरो?”

“हेमा, हे सिनेमातलं नाही.”

“बरं, नाही. तुम्ही येणार कधी ते सांगा. आणि येताना एक बिजागरी आणा, फडताळाची. दार सारखं अंगावर येतं.”

“आल्यावर बसवतो,” कारखानीसांचं तोंड सवयीने बोलून गेलं.

त्यांनी बिजागरी त्याच दिवशी आणली. पितळी, जाड, राजवाड्याला शोभेल अशी. डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“काका, तुम्हाला माहीत आहे ना? आपण एकदा ते दार काढून बघितलं होतं. काटा जमिनीला लागला होता. पाइप नसले तरी चालतात, सोनेरी भिंत नसली तरी थोडं चालेल. ते लोंबतं दार मात्र त्यांची मुख्य खुंटी आहे. रोज त्या त्याच्याशी भांडतात. ते सरळ केलंत तर बोलणं जाईल, आणि परत येईलच अशी खात्री मी देणार नाही.”

“तिने मागितली आहे.”

“तुमच्याकडे नाही. तेव्हाच्या तुमच्याकडे.”

“तो तर देणार नाही. मी ओळखतो त्याला.”

“हे तुम्ही त्यांच्यासाठी करताय की स्वतःसाठी?”

कारखानीसांनी बिजागरी या हातातून त्या हातात घेतली. “ते मला कळलं असतं तर तेव्हाच बसवली असती,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी बिजागरी स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी मंत्रालयातून पाहुणे आले, डॉक्टर त्यांना सभागृहात युगाविषयी सांगत होत्या, आणि कारखानीसांच्या पिशवीत दुसरी बिजागरी होती. साधी, लोखंडी. फडताळाला तीच शोभणार होती. त्यांनी जुना खाकी डगला चढवला, कानावर पेन्सिल अडकवली.

“दादा,” सिस्टर लोबो म्हणाल्या, “काटा पडला तर मी डॉक्टरांना काय सांगू?”

“मी चहाला गेलोय म्हणून सांगा.”

त्यांनी दारावर टकटक केली.

“कोण?”

“मिस्त्री. साहेबांनी पाठवलंय. फडताळाचं दार आहे ना?”

काटा थरथरला, पण हिरव्यातच राहिला. या घरात नवरा बसलेला असणं ही नवलाची गोष्ट होती; उशिरा उगवणारा मिस्त्री ही नव्हती.

हेमलताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा मिस्त्री, पांढऱ्या मिश्या, डोळे जरा ओले, धुळीने असतील. त्यांनी काही ओळखलं नाही. “या,” त्या म्हणाल्या. “सांभाळून हं, आत लोणच्याच्या बरण्या आहेत.”

कारखानीसांनी दाराखाली गुडघा टेकवला. दरबाराचे दरवाजे त्यांनी क्रेनने चढवले होते, पण हे हातभर दार त्यांना धड सरळ धरता येईना. पहिला स्क्रू तिरका गेला. तो काढला, पुन्हा घातला. मागे उभ्या राहून त्या बघत होत्या. “आमचे हेसुद्धा या कामातलेच,” त्या म्हणाल्या. “पण मोठमोठी कामं असतात त्यांच्याकडे.”

“असतील,” मिस्त्री म्हणाले.

शेवटचा स्क्रू बसला. कारखानीस बाजूला झाले. हेमलताबाईंनी दार लोटलं. ते टिक्क करून बंद झालं आणि बंदच राहिलं.

त्यांनी ते उघडलं. पुन्हा लावलं. हातातल्या कागदाच्या घडीला आता जायला जागा नव्हती. ती त्यांनी इकडे तिकडे फिरवली. त्यांची नजर सोनेरी भिंतीवरून घरंगळली, खिडकीवर गेली, आपण कोणाकडे आलो आहोत असं आठवत असल्यासारखी. बाहेर सिस्टर लोबो उभ्या राहिल्या. काटा उतरत होता.

कारखानीसांना काटा दिसत नव्हता, पण बायकोचा चेहरा दिसत होता. क्षमा मागायला तोंड उघडावं, तर मिस्त्रीला कसली क्षमा?

हेमलताबाई एक पाऊल जवळ आल्या. दाराबाहेर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि ओशाळं हसत आवाज खाली आणून म्हणाल्या,

“काम छान केलंत हो मिस्त्री. पण आमचे हे येताना बिजागरी घेऊन येणार आहेत. दार आधीच बसलेलं दिसलं तर त्यांना फार वाईट वाटेल. वरचे स्क्रू तेवढे काढून जाता का?”